सफाई रात्री, लाइट असली तर

फोन 'हँग' का होतो या प्रश्नाला दुकानात एक उत्तर मिळतं आणि कॉलेजात दुसरं. दोन्ही उत्तरं बरोबर असतात, म्हणून तर भांडण होतं. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, जिथून पालघर आणि गुजरात जवळ, त्या हरसूलमध्ये हे भांडण मी लावून दिलं आहे. मामा मोबाइल दुरुस्ती करतो. भाची नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोघंही कल्पित. पण ती ज्यावरून भांडतात ती यंत्रणा तुमच्या-माझ्या खिशात आहे: फ्लॅश मेमरी, तिच्यावरची फाइल सिस्टिम, त्या फाइल सिस्टिमची कचरासफाई आणि तिचे चेकपॉइंट. काउंटरवर एका पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेचा तीन वर्षं वापरलेला फोन पडला आहे. ताई बाकड्यावर बसल्या आहेत. संध्याकाळची गाडी सुटायच्या आत त्यांना तो हवा आहे.

मामा : हजारभर फोटो उडवले ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवरचे, माझ्यासमोर. स्टोरेज बघितलं तर जागा दिसते. कॅमेरा चालू केला की परत चार-चार सेकंद ढिम्म. आता मी सरळ फॉरमॅट मारतो. फॉरमॅट मारला की फोन पळतो, हा माझा अनुभव आहे.

भाची : पळतोच. पण ताईंचं सगळं घेऊन पळतो. मामा, फोटो डिलीट केला म्हणजे चिपवरून पुसला गेला असं नसतं. फाइल सिस्टिमनं फक्त नोंद केली, की एवढी जागा आता रद्द. पुसायचं काम बाकीच आहे.

मामा : बाकी कशाला ठेवायचं? माणूस म्हणाला पूस, तर पुसून मोकळं व्हावं.

भाची : तसं पुसता येत नाही ना. फ्लॅशमध्ये लिहायचं माप वेगळं आणि पुसायचं वेगळं. लिहायचं पानापानानं, चार ते सोळा केबीचं एक पान. पुसायचं अख्खा ब्लॉक, आणि एका ब्लॉकमध्ये अशी शेकडो पानं. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही, आधी सगळा ब्लॉक कोरा करावा लागतो. तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी 1984 मध्ये फ्लॅश जगापुढे मांडली, 1987 मध्ये फोनात असते ती नँड जात आली, तेव्हापासून तिचा हा स्वभाव आहे. शिवाय दर पुसण्याला ब्लॉक झिजतो. टीएलसी जातीचा ब्लॉक साधारण हजार ते तीन हजार वेळा पुसला की थकतो. एकेका फोटोसाठी ब्लॉक पुसत बसलं तर चिप अकाली जाईल.

मामा : गेलेल्या चिपा माझ्याकडे डबाभर आहेत.

भाची : मग ताईंचं रजिस्टर घे. शाईनं लिहिलेलं, खाडाखोड चालत नाही. पोराचं वजन बदललं की जुन्या ओळीवर रेघ मारायची आणि नवी ओळ पुढच्या कोऱ्या जागेत लिहायची. कालांतरानं सगळी रजिस्टरं भरतात, पण त्यातल्या निम्म्या ओळी रेघ मारलेल्या असतात. मग ज्या रजिस्टरात चालू ओळी कमी उरल्यात ते काढायचं, तेवढ्या ओळी नव्यात उतरवायच्या आणि जुनं रद्दीत. गार्बेज कलेक्शन म्हणतात ते हेच. लिहिताना कुठंही थांबायचं नाही, सरळ पुढं लिहीत जायचं, आवराआवर मागाहून.

हा विचार फ्लॅशहून स्वतंत्र आणि बराच जुना आहे. 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी तो साध्या हार्ड डिस्कसाठी मांडला. डिस्कचा काटा इकडून तिकडे नाचवण्यात वेळ जातो, तो वाचावा म्हणून सगळं लिखाण एका ओघात करायचं, हा त्यांचा मुख्य हेतू. फ्लॅशला काटा नाही, पण खाडाखोडीची बंदी आहे. ऑक्टोबर 2012 मध्ये सॅमसंगच्या जेगुक किम यांनी त्याच धर्तीची एफटूएफएस ही फाइल सिस्टिम लिनक्सच्या मंडळींपुढे ठेवली. फेब्रुवारी 2013 मध्ये आलेल्या लिनक्स 3.8 मध्ये तिला जागा मिळाली, आणि पुढे अनेक अँड्रॉइड फोनांत ती शिरली.

मामा : त्याआधीच्या ईएक्सटी-फोर फाइल सिस्टिमवालेही फोन येतात माझ्याकडे. ते काय वाईट चालायचे?

भाची : सॅमसंगच्या लोकांनी 2015 मध्ये तुलना छापली. एका चाचणीत एफटूएफएस 3.1 पट वेगवान, व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप वापरतात त्या एसक्यूलाइटच्या कामात दुप्पट. अर्थात हे 'जास्तीत जास्त'चे आकडे.

मामा : कोरा फोन घेऊन मोजलं असणार.

भाची : भरलेल्या स्टोरेजवरही मोजलंय. जागा संपत आली की वेग घसरतो आणि तेवढ्याच कामासाठी चिपवर जास्त लिहावं लागतं, हेही त्यांनीच छापलंय. लपवलेलं नाही.

मामा : माझ्याकडे येणारा फोन भरलेलाच असतो. रिकामा फोन घेऊन दुकानात कोण येतं? हा आला तेव्हा सत्त्याण्णव टक्के भरलेला होता.

भाची : तेच तर. एफटूएफएस जागेचे दोन-दोन एमबीचे सेगमेंट पाडते आणि सलग लिहायला तिला अख्खा मोकळा सेगमेंट लागतो. व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो दीड-दोनशे केबीचा, म्हणजे एका सेगमेंटमध्ये दहा-बारा फोटो. ताईंनी बघून-बघून उडवले, नको ते काढले, पोरांचे ठेवले. आता प्रत्येक सेगमेंटमध्ये चार रद्द, आठ चालू. बेरजेत जागा दिसते, पण सलग मोकळा सेगमेंट एखाददुसराच. कॅमेरा फोटो लिहायला गेला की आधी सफाई करा, मग लिहा. ते चार सेकंद त्या सफाईचे आहेत.

मामा : म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं असताना झाडू मारायचा. कुठल्या दुकानात चालतं असं?

भाची : तशी वेळ येऊ नये असाच बेत आहे. सफाई दोन प्रकारची. एक ही, ऐनवेळची. तिला निवड करायला सवड नसते, ज्या सेगमेंटमध्ये चालू माल सगळ्यात कमी तो उचलते आणि सुटते. दुसरी मागच्या दारानं चालणारी. फोन मोकळा असताना ती निवांत निवड करते, किती भरलाय याबरोबर किती जुना झालाय तेही बघते. जो माल बरेच दिवस हललेला नाही तो पुढेही हलणार नाही, म्हणून तो एकदाच उचलून एकत्र ठेवलेला बरा. मुळात लिहितानाच सतत बदलणारा माल आणि फोटो-व्हिडिओसारखा थंड माल वेगळा ठेवतात, एकावेळी सहा ठिकाणी लिखाण चालू असतं. आणि फारच टंचाई झाली, मोकळे भाग पाचेक टक्क्यांच्या खाली गेले, की फाइल सिस्टिम सलग लिहायचा आग्रह सोडून अर्धवट सेगमेंटमधल्या फटींत लिहायला लागते. वेग जातो, पण फोन थांबत नाही.

मामा : फोन मोकळा असताना म्हणालीस. तो मोकळा कधी असतो?

भाची : रात्री. चार्जिंगला लावलाय, स्क्रीन बंद आहे, कुणी हात लावत नाही, अशा वेळी अँड्रॉइड देखभाल काढतं. रद्द झालेली जागा चिपला कळवतं, त्याला ट्रिम म्हणतात, आणि फाइल सिस्टिमला सांगतं, आता नेटानं झाडून घे.

मामा : ताई, फोन रात्री चार्जिंगला असतो का तुमचा?

ताई : पावसाळ्यात? लाइट कुठं असते रात्रीची? दिवसा अंगणवाडीत लावते. तेव्हा त्याच्यावर काम चालू असतं.

मामा : ऐकलंस? घरात चार्जर एक, फोन तीन. आली लाइट की दोन तास ह्याचा, दोन तास त्याचा, मग पोरगा त्याच्यावर गेम खेळत बसतो, वायर लावूनच. तुझ्या त्या साहेबांनी एक माणूस धरलाय, जो अकरा वाजता फोन चार्जरला लावून सहा वाजेपर्यंत झोपतो. तो माणूस नाशिकला कॉलेज रोडला असेल. या फोनाच्या नशिबात ती रात्र तीन वर्षांत आलेलीच नाही.

भाची : बॅटरीवर असताना मागची सफाई नेटानं केली तर बॅटरी जाईल, तेव्हाही तूच ओरडशील. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये हे काम दिवसभर थोडं थोडं वाटून करायची सोय आली आहे.

मामा : अलीकडचं अँड्रॉइड या काउंटरवर चार वर्षांनी येतं.

इथे माझं मन मामाकडे झुकतं, पण भाचीचं एक म्हणणं टाळता येत नाही. सफाई पुढे ढकलणं हा आळस नाही. ताबडतोब सफाई केली तर जो माल उद्या आपोआप रद्द होणार होता तोही आज उचलून नव्या जागी लिहावा लागतो, आणि ते लिखाण फुकटचं. थांबलं की रद्द पानं वाढतात आणि सफाई स्वस्त पडते. गणित पक्कं आहे. फक्त पुढे कधीतरी मोकळी वेळ येणारच, हे त्या गणितात धरून चाललेलं आहे. शिवाय फाइल सिस्टिमच्या खाली, खुद्द चिपच्या आत, आणखी एक सफाई चालते. चिप ईएमएमसी जातीची असो वा यूएफएस, तिचा कंट्रोलर आपले ब्लॉक आपल्या मर्जीनं आवरत असतो. ईएक्सटी-फोरचा फोनही त्यामुळे या हँगमधून सुटत नाही. वरची सफाई आणि खालची सफाई एकमेकींचं काम वाढवू शकतात, हे सॅनडिस्कच्या अभियंत्यांनी 2014 मध्येच लिहून ठेवलं आहे.

मामा : बरं, ते राहू दे. दुसरं सांग. जुनी बॅटरी, अठरा टक्के दाखवत असताना फोन खटकन बंद. दहा फोन असे येतात. त्यातले आठ-नऊ चालू केले की जसेच्या तसे. एखादा मात्र लोगोवर अडकतो, नाहीतर 'डेटा खराब असू शकतो, फॅक्टरी रिसेट करा' असं म्हणतो. हे कशावर ठरतं?

भाची : आठ-नऊ वाचतात ते चेकपॉइंटमुळे. फाइल सिस्टिम अधूनमधून, बहुतेक दर मिनिटाला, एक सही करते: इथपर्यंतचं सगळं एकमेकांशी जुळतंय. कुठली फाइल कुठं, कुठल्या सेगमेंटमध्ये किती चालू माल, याचा तो हिशेब. त्यासाठी दोन जागा राखून ठेवल्यात आणि सही आळीपाळीनं होते, एकदा इथं, एकदा तिथं. प्रत्येक प्रतीच्या सुरुवातीला आणि शेवटी एकच क्रमांक लिहायचा. सही चालू असताना बॅटरी गेली तर सुरुवातीचा क्रमांक नवा आणि शेवटचा जुना, दोन्ही जुळत नाहीत. चालू होताना फोन ती प्रत बाजूला टाकतो आणि दुसरी, धड असलेली, उचलतो. आणि नवं लिखाण नेहमी नव्या जागेत होत असल्यानं त्या जुन्या हिशेबातला माल चिपवर शाबूत असतो.

मामा : म्हणजे शेवटच्या सहीनंतरचं गेलं.

भाची : सगळं नाही. अ‍ॅपनं 'हे आत्ताच्या आत्ता पक्कं कर' असं सांगितलं असेल, त्याला एफसिंक म्हणतात, तर त्या लिखाणावर खूण असते. जुन्या सहीपासून पुढे खुणा शोधत शोधत फोन ते परत जमवतो. प्रत्येक एफसिंकला पूर्ण चेकपॉइंट करावा लागला असता तर व्हॉट्सअ‍ॅप रांगत चाललं असतं.

मामा : आणि तो एखादा? लोगोवर अडकतो तो?

भाची : काही वेळा चिपच खोटं बोलते. 'लिहिलं' म्हणते, पण माल अजून तिच्या आतल्या तात्पुरत्या जागेत असतो. तिथं बॅटरी गेली की वरच्या सगळ्या सह्या फोल. किंवा ब्लॉक थकलेले असतात. दोन्ही प्रती बिघडल्या तर फाइल सिस्टिमला उभं राहायला आधार उरत नाही.

ताई : एक विचारू का? सुपरवायझर मॅडमची सही झाल्याशिवाय आम्हाला जुनं रजिस्टर टाकता येत नाही. नवीन उतरवून काढलं तरी. फोनात तसं आहे का?

भाचीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमातला सगळ्यात मोलाचा प्रश्न कदाचित हाच असेल. सफाई आणि चेकपॉइंट हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात. त्यांची गाठ कुठे बसते ते ताईंनी बरोबर पकडलं.

भाची : अगदी तसंच आहे, ताई. सेगमेंटमधला चालू माल दुसरीकडे हलवला तरी तो सेगमेंट लगेच वापरता येत नाही. शेवटच्या चेकपॉइंटच्या हिशेबात माल अजून तिथंच आहे. तिथं नवं लिहिलं आणि तेवढ्यात बॅटरी गेली, तर जुन्या हिशेबावर परत जावं तर माल नाही, नव्यावर जावं तर सही नाही. म्हणून रिकामा केलेला सेगमेंट पुढचा चेकपॉइंट होईपर्यंत तसाच पडून राहतो.

मामा : मग ऐनवेळच्या सफाईत तर दुप्पट खोळंबा. आधी माल हलवा, मग सही करा, तेव्हा कुठं जागा.

भाची : हो. फोन भरलेला असेल तर दोन्ही एकापाठोपाठ होतात आणि कॅमेरा तोवर थांबतो.

मामा : आता माझं ऐक. फोन भरलेला, त्यात मोठं अपडेट आलं, पोरानं 'इन्स्टॉल' दाबलं, की दुसऱ्या दिवशी माझ्या दारात. हेही त्यातलंच का?

भाची : काही अंशी. अँड्रॉइड 10 पासून सोय आहे, की अपडेटनंतर नवी आवृत्ती धडपणे चालू होईपर्यंत जुना चेकपॉइंट धरून ठेवायचा. नवी आवृत्ती बिघडली तर डेटा जसा होता तसा परत. पण तोवर जे जे डिलीट होईल, बदलेल, त्याची जुनी जागा सोडता येत नाही, कारण परत जायचं झालं तर ती लागेल. ज्या फोनात आधीच जागा नाही, त्याला हा धरून ठेवलेला हिशेब जड जातो.

मामा : म्हणजे सुरक्षेची प्रत्येक सोय मोकळी जागा मागते. मोकळी जागा ज्याच्याकडे आहे तो सुरक्षित. ज्याच्याकडे नाही त्याला तू सांगणार, वीस टक्के रिकामे ठेवा.

भाची : सांगणारच. चिपचा स्वभाव गरीब-श्रीमंत बघत नाही. फाइल सिस्टिमसुद्धा आपल्या सफाईसाठी काही सेगमेंट राखून ठेवते, वापरणाऱ्याला ते दिसतही नाहीत. राखीव जागा जास्त ठेवली की सफाई सोपी, पण खोक्यावरचा आकडा लहान दिसतो. कंपनी आकडा मोठा दाखवते, कारण गिऱ्हाईक आकडा बघूनच घेतं.

मामा : गिऱ्हाईक घेतं तेव्हा ठीक. जे घेत नाहीत, ज्यांच्या हातात दिले जातात, त्यांचं काय? 2021 चा ऑगस्ट विसरलीस? राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. तापतात, अडकतात, नोंदींचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप नीट चालत नाही म्हणून.

ताई : तेव्हा मुलाचं वजन घ्यायला एक मिनिट आणि ते फोनात भरायला पंधरा, असं चालायचं.

भाची : त्या फोनांचं मुख्य दुखणं रॅमचं होतं, मामा. दोन जीबी रॅम. त्याचा दोष कचरासफाईच्या माथी मारू नकोस.

मामा : मारत नाही. पण रॅम कमी असली की फोन माल स्टोरेजकडे ढकलतो आणि परत आणतो, हे तूच मागच्या दिवाळीत सांगितलं होतंस. म्हणजे ओझं शेवटी कुठं आलं?

यावर भाचीनं नेमकं उत्तर दिलं नाही, आणि माझ्या मते द्यायलाही नको. फोन किती अडकतो यातला रॅमचा वाटा किती, स्टोरेजचा किती, हे प्रत्येक फोन उघडून मोजल्याशिवाय सांगता येत नाही. बाहेरून दोन्ही दुखणी एकसारखीच दिसतात.

काउंटरवरच्या फोनाचं मात्र ठरलं. फॉरमॅट मारायचा नाही. मोठे व्हिडिओ आणि कार्यक्रमांचे फोटो पेन ड्राइव्हवर काढायचे, चौथा हिस्सा जागा रिकामी करायची, फोन इन्व्हर्टरवर चार्जिंगला लावून हात न लावता सोडायचा. भाची म्हणाली, निदान एक रात्र. मामा म्हणाला, गाडी पाचला आहे. ताईंनी फोन ठेवून जायचं कबूल केलं, उद्याच्या नोंदी कागदावर करेन म्हणाल्या.

वादात भाची यंत्राबद्दल चुकलेली नाही. आधी लिहा, मग आवरा. सहीशिवाय जुनं टाकू नका. दोन प्रती ठेवा: फ्लॅशवर याहून शहाणी रीत मला दिसत नाही. मामा माणसाबद्दल चुकलेला नाही. ज्या रात्रीच्या भरवशावर ही रीत उभी आहे, ती रात्र हरसूलच्या पाड्यांवर हुकमी मिळत नाही, आणि रीत बनवणाऱ्यांना ते कळवायला कुणी जात नाही. तेव्हा ज्या खात्यांच्या निविदांतून असे फोन हजारांनी खरेदी होतात त्यांना एवढंच सांगणं आहे: नमुना फोन खोक्यातून काढून तपासू नका. तो नव्वद टक्के भरा, आठवडाभर रात्री चार्जरपासून लांब ठेवा, मधेच दोनदा बॅटरी संपू द्या, आणि मग त्यावर पन्नास मुलांची नोंद करून दाखवा असं विकणाऱ्याला सांगा.